हळदीच्या मुलखातला एअर फिल्टर

वसमत तालुक्यात पिकअप किती किलोमीटर चालली यापेक्षा ती कुठल्या रस्त्याने चालली, हे मी आधी विचारतो. एकाच वर्षी, एकाच शोरूममधून निघालेल्या दोन गाड्या माझ्या गॅरेजात येतात. एक नांदेडच्या डांबरी रस्त्यावर किराणा वाहते. तिचं मीटर तीन लाखांच्या पुढे गेलेलं असतं, तरी डिपस्टिकवर ऑइल जिथल्या तिथे असतं. दुसरी शेतातून हळद काढते, गिरगावकडून केळी आणते, उसाचं बेणं वाहते. ती निम्म्या अंतरातच ऑइल पिऊ लागते. ऑइल टाकायचं झाकण उघडलं की भकाभक हवा मारते, आणि थंडीत सकाळी चालू व्हायला रडते. इंजिन तेच, ऑइल तेच, चालवणाराही बहुतेक वेळा तितकाच जबाबदार. फरक असतो इंजिनाने आत ओढलेल्या हवेत. म्हणून एअर फिल्टर कोणता बसवावा, बाहेरचा मोठा घ्यावा का, असं कुणी विचारलं की मी हातातला पाना खाली ठेवून बोलतो.

आपल्याकडची धूळ एका प्रकारची नाही. काळी माती वाळली की पिठासारखी उडते. पाणंद रस्त्यावर टाकलेला मुरूम टायरखाली भरडला जातो. खडी क्रशरच्या आसपासची पांढरी भुकटी वेगळीच. त्यात फेब्रुवारीपासून मेपर्यंत हळदीचा हंगाम. शिजवून वाळवलेली हळद पॉलिशच्या ड्रममध्ये फिरू लागली की आसपासची झाडं, पत्रे, माणसांच्या भुवया, सगळं पिवळं होतं. भरायला आलेली पिकअप नेमकी त्या ड्रमच्या शेजारी, इंजिन चालू ठेवून उभी असते. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. ती हळद वाहणारी इंजिनं काय सोसतात, ते आम्हाला खोलल्यावर दिसतं.

हळदीची भुकटी मऊ असते, ती फक्त फिल्टर लवकर भरते. खरा वैरी मातीतला सिलिका, म्हणजे गारेचा बारीक कण. तो लायनरच्या लोखंडापेक्षा कठीण असतो. डोळ्यांना दिसणारे खडे फारसं नुकसान करत नाहीत, ते डब्यातच राहतात. पाच ते वीस मायक्रॉनचा कण वाईट, कारण रिंग आणि लायनर यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो त्यात तो नेमका बसतो आणि वर-खाली घासत राहतो. पॉलिशचा ड्रम हळकुंडाची साल काढतो, तसा हा कण लायनरची साल काढतो. हवेचं प्रमाणही लक्षात घ्या. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला कमीत कमी दहा हजार लिटर हवा लागते. डिझेल इंजिन त्याहून बरीच जास्त ओढतं. दिवसाला वीस लिटर डिझेल जाळणारी पिकअप म्हणजे दोन लाख लिटरांच्या वर हवा, आणि ती सगळी त्या एका कागदी फिल्टरमधून जाते.

ज्या उस्तादांकडे मी शिकलो ते ट्रॅक्टरचे मिस्त्री होते. त्या काळात ट्रॅक्टरला तेलाच्या भांड्याचा फिल्टर असे. हवा खाली तेलावर आपटायची, जड कण तेलात अडकायचे, उरलेले वरच्या तारेच्या गुंताड्यात थांबायचे. उस्ताद भांडं काढून तळाचा चिखल बोटावर घेत आणि शेतकऱ्याला दाखवत. शेतकऱ्याला तेवढ्याने समजे. ही धूळ आपल्या इंजिनात गेली नाही, इथे थांबली. कागदी फिल्टर आल्यावर हे दाखवणं अवघड झालं. कागद धूळ जास्त चांगली अडवतो, पण ती घड्यांमध्ये लपते. बाहेरून फिल्टर नुसता मळका दिसतो आणि मालकाला वाटतं, एवढ्याशा वस्तूला एवढे पैसे कशाला.

मग मोबाइलवरच्या व्हिडिओंचा जमाना आला आणि तरुण मुलं लाल रंगाचे, शंकूच्या आकाराचे उघडे फिल्टर घेऊन येऊ लागली. कंपनीचा काळा डबा काढायचा, चकचकीत पाइप लावायचा आणि त्याच्या टोकाला हा शंकू. गाडी ओढायला लागेल, मायलेज वाढेल, फिल्टर धुऊन आयुष्यभर वापरता येईल, अशी त्यांची समजूत. त्यांना हसण्यासारखं त्यात काही नाही. हप्ते भरून घेतलेली गाडी, डोक्यावर केळीचा माल, पहाटेच्या आत नांदेड गाठायचं. गाडीला थोडी जास्त ओढ मिळावी असं कुणालाही वाटेल.

असाच एक मुलगा ऑनलाइन मागवलेला खोका घेऊन आला होता. मी त्याला बसवून घेतलं आणि सगळं समजावून सांगितलं. तेव्हापासून प्रत्येकाला त्याच क्रमाने सांगतो.

पहिलं, डिझेलची ताकद डिझेलवर ठरते. पंप किंवा आताच्या गाड्यांत कॉम्प्युटर जेवढं इंधन सोडेल, तेवढीच ताकद. त्या इंधनाला पुरेशी हवा मिळत असेल तर आणखी हवेने काही वाढत नाही. फिल्टर पूर्ण चोंदला असेल तर काळा धूर येतो, चढावर गाडी मरते, आणि नवा फिल्टर टाकला की जीव आल्यासारखी वाटते. ती सुधारणा स्वच्छ फिल्टरची असते. शेजारच्या दुकानातला कंपनीचा कागदी फिल्टरही तेवढीच देतो.

दुसरं, आवाज. डबा काढला की टर्बोची शिट्टी आणि हवा ओढण्याचा आवाज थेट कानावर येतो. चालवणाऱ्याला वाटतं गाडी जोरात ओढतेय. तो डबा हवेला शांतही करत असतो, हे कुणी सांगत नाही.

तिसरं, गरम हवा. कंपनी डब्याचं तोंड बहुतेक वेळा पुढच्या जाळीजवळ किंवा मडगार्डच्या बाजूला ठेवते, कारण तिथली हवा त्यातल्या त्यात थंड. उघडा शंकू बॉनेटखाली, रेडिएटर आणि टर्बोच्या वाफाऱ्यात बसतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतं. बॉनेटखाली साठ-सत्तर सहज. तापलेली हवा विरळ होते. सत्तावीस अंशांच्या हवेच्या तुलनेत सत्तर अंशांची हवा सुमारे आठवा हिस्सा कमी भरते. इंटरकूलर त्यातलं थोडं भरून काढतो, पण जास्त हवा मिळावी म्हणून लावलेली वस्तू आपल्या उन्हाळ्यात कमीच हवा देते.

चौथ्या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, तो म्हणजे टक्केवारी. खोक्यावर सत्त्याण्णव टक्के धूळ अडवतो असं लिहिलेलं असलं की माणूस खूश होतो. समजा, कंपनीचा कागदी फिल्टर साडेनव्याण्णव टक्के अडवतो. वरवर अडीच टक्क्यांचा फरक. पण इंजिनात किती गेलं ते मोजा. एकातून शंभरातले तीन भाग गेले, दुसऱ्यातून अर्धा. म्हणजे सहापट धूळ. त्या मुलाने मोबाइलवर स्वतः हिशेब करून पाहिला. मग त्याने विचारलं, अशा फिल्टरवर अमेरिकेत शर्यती जिंकतात ना? जिंकतात, खोटं नाही. के अँड एन हे या फिल्टरमधलं मोठं नाव 1969 साली कॅलिफोर्नियात, मोटारसायकलच्या शर्यतींच्या मंडळींमधूनच उभं राहिलं. शर्यतीतलं इंजिन थोडा वेळ धावतं आणि पुन्हा खोलून बांधलं जातं. आपल्या इंजिनाला हप्ते फिटेपर्यंत आणि त्यानंतरही बरीच वर्षं न खोलता चालायचं असतं.

शिवाय तेल लावलेल्या कापडी फिल्टरची आणखी एक अडचण आहे. धुतल्यावर त्याला पुन्हा तेल लावावं लागतं. कमी लागलं तर धूळ जाते. जास्त लागलं तर तेलाचे कण उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक तारेवर बसतात आणि सेन्सर चुकीचं मोजू लागतो. एप्रिल 2017 पासून देशभर बीएस-4 आणि एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, तेव्हापासून पिकअपचं धुराचं सगळं गणित अशा सेन्सरवर चालतं. डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी ओढायची थांबते आणि माणूस पंप, नोझल, टर्बो तपासत फिरतो.

कायद्याचंही एक वाक्य मी त्यात घालतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते स्पष्ट केलं. कंपनीच्या मापाचा फिल्टर कुठल्याही चांगल्या ब्रँडचा टाकला तर तो बदल नव्हे, ती देखभाल. डबाच उपटून वेगळी रचना केली, तर पासिंगला हिंगोलीत प्रश्न निघू शकतो आणि वॉरंटीच्या गाडीत शोरूमवाला हात वर करायला मोकळा होतो.

त्या मुलाने खोका परत पाठवला. पुढे तो आपल्या ओळखीच्यांना माझ्याकडे पाठवू लागला.

पण माझ्या कामाची दिशा ज्या गाडीने बदलली, तिला कंपनीचाच फिल्टर होता. चांगला, वेळेवर बदललेला. मालक हळदीचे व्यापारी, वयाने वडीलधारे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. गाडी दर काही दिवसांनी ऑइल मागत होती. कुणी रिंगा सांगितल्या, कुणी टर्बोचं सील. टर्बो काढला तेव्हा पुढच्या पंख्याच्या पात्यांच्या कडा झिजून गोल झालेल्या दिसल्या. हा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्या वेगात बारीक वाळूदेखील पात्याला सहाणेसारखी लागते. म्हणजे फिल्टरनंतर कुठेतरी धूळ शिरत होती. फिल्टरचा डबा ते टर्बो हा रबरी होज मी हाताने पिळून पाहिला. खालच्या बाजूला, वाकणावर, सहज न दिसणारी चीर होती. इंजिन हवा ओढायचं तेव्हा ती चीर उघडायची, आणि फिल्टर नावाचा दरवाजा सोडून हवा या खिडकीतून आत जायची. लायनर उतरवले तर वरच्या भागात नख अडकेल एवढी पायरी पडलेली. फुल इंजिन करावं लागलं. काका काही बोलले नाहीत. फक्त तो होज मागून घेतला आणि दुकानात टांगून ठेवला. मोंढ्यात येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला ते तो दाखवत.

त्यानंतर मी फिल्टर बघायच्या आधी पाइप बघतो. पद्धत सोपी आहे, कुणालाही जमेल. इंजिन बंद आणि थंड असताना फिल्टरच्या पुढचा, म्हणजे इंजिनाकडचा होज सोडायचा आणि आतून पांढरं सुती कापड फिरवायचं. कापड स्वच्छ आलं तर फिल्टर आणि सगळे जोड ठीक. मातकट पट्टा आला तर कितीही महाग फिल्टर टाका, उपयोग नाही. आधी गळती शोधायची. फिल्टरच्या रबरी कडेवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवून आठवड्याने उघडलं, तर धूळ कुठून घुसते तिथे तिची रेघ दिसते. क्लॅम्प सैल, डब्याचा एखादा खटका तुटून तारेने बांधलेला, झाकण वाकडं बसलेलं, हे फार वेळा सापडतं. तारेने बांधलेला खटका दिसला की मी ती गाडी तशीच सोडत नाही.

दुसरी सवय जी मोडायला मला वर्षं लागली, ती म्हणजे रोज हवा मारणं. पंक्चरच्या दुकानात थांबायचं, फिल्टर काढायचा, चाकावर आपटायचा आणि कॉम्प्रेसरचं नोझल बाहेरून घड्यांवर धरायचं. चालकाला वाटतं आपण गाडीची काळजी घेतोय. त्याची भावना खरी असते, म्हणून समजावताना शब्द जपून वापरावे लागतात. दुकानातल्या कॉम्प्रेसरला शंभर-सव्वाशे पौंडांचा दाब असतो. कागद तीस पौंडांच्या वर सहन करत नाही, आणि तेही आतून बाहेर, लांबून. बाहेरून हवा मारली की कण कागदात आणखी खोल जातात आणि कागदाला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. आपटल्याने कड वाकते आणि डब्यात नीट बसत नाही. नव्या फिल्टरपेक्षा थोडी धूळ धरलेला फिल्टर जास्त चांगला गाळतो, कारण कागदावर बसलेला थर पुढची धूळ अडवतो. हे ऐकल्यावर बहुतेक चालक चकित होतात. डबा जितक्या वेळा उघडाल, तितक्या वेळा तोंडाशी साचलेली धूळ आतल्या बाजूला सांडायची संधी मिळते. ट्रॅक्टरला आणि मोठ्या ट्रकला फिल्टर चोंदल्यावर लाल पट्टी दाखवणारा छोटा इंडिकेटर असतो. तो पिकअपलाही फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाइपवर नीट बसवता येतो. मी बसवून देतो. लाल दिसेपर्यंत हात लावायचा नाही.

बाहेरच्या वस्तूंमध्ये माझ्या मते आपल्या भागात खरी उपयोगाची एकच आहे, ती म्हणजे प्री-क्लीनर. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पारदर्शक वाटीचं टोपडं दिसतं ते. हवा तिरप्या पात्यांतून आत शिरते, गरगर फिरते, जड धूळ कडेला फेकली जाऊन वाटीत पडते आणि उरलेली हवा फिल्टरकडे जाते. कागदावरचं ओझं खूप कमी होतं. ही कल्पना शेतातूनच आली. अमेरिकेत 1915 साली फ्रँक डोनाल्डसन नावाच्या, ट्रॅक्टर विकणाऱ्या माणसाने धुळीने खराब होणाऱ्या इंजिनांसाठी एअर क्लीनर बनवला. त्यातून उभी राहिलेली कंपनी आजही फिल्टर बनवते. पिकअपला प्री-क्लीनर लावताना तो त्या इंजिनाच्या हवेच्या मापाचा हवा. लहान बसवला तर इंजिन गुदमरतं, फार मोठा बसवला तर हवा पुरेशी फिरत नाही आणि धूळ वेगळी होत नाही. कंपनीचा डबा, कंपनीचा होज जिथल्या तिथे ठेवून फक्त डब्याच्या तोंडाशी तो बसतो. वाटी आठवड्याला रिकामी करायची. हंगामात ती वाटी मी मालकाच्या हातात देतो. उस्तादांच्या तेलाच्या भांड्यासारखंच, एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढे सांगावं लागत नाही.

कागदी फिल्टर बाहेरच्या ब्रँडचा घ्यायला माझी ना नाही. चांगल्या भारतीय कंपन्या आहेत, काही तर गाडी बनवणाऱ्यांनाच माल पुरवतात. पण मोंढ्याजवळच्या दुकानांत त्याच नावाच्या खोक्यात नकली मालही येतो. मी हातात घेऊन बघतो. घड्या दाट आणि एकसारख्या अंतरावर आहेत का, कागद बोटाने दाबल्यावर ताठ राहतो का, कडेचं रबर मऊ आहे का, टोकाचा गोंद सलग आहे का. अंधारात आतून बॅटरी धरली तर प्रकाशाचा टिपका दिसता कामा नये. नकली आणि असलीमध्ये शे-दोनशे रुपयांचा फरक असतो. फुल इंजिनचा खर्च ज्याने एकदा भरला आहे, तो या रकमेवर घासाघीस करत नाही.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी, पण ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जुलै 2022 मध्ये आमच्याच तालुक्यातल्या कुरुंदा गावात पुराचं पाणी घराघरांत शिरलं. अशा पाण्यातून गाडी काढायची वेळ आली तर हवा घेणारं तोंड किती उंचीवर आहे, यावर सगळं ठरतं. काही तयार किटमध्ये थंड हवा मिळावी म्हणून हे तोंड खाली, बंपरच्या मागे नेलेलं असतं. कोरड्यात ते धूळ जास्त ओढतं, कारण जमिनीजवळ धूळ दाट. पाण्यात ते सरळ पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना त्याच्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. ढकलून बाहेर काढा, डबा उघडून फिल्टर ओला आहे का बघा, आणि मिस्त्रीला बोलवा. पहिल्यांदा वाचलेलं इंजिन पुष्कळ वेळा दुसऱ्या सेल्फला जातं.

पैसे न लागणारी कामंही आहेत. कारखान्याचा गाळप हंगाम चालू असताना रात्री उसाच्या ट्रॉल्यांमागे कच्च्या रस्त्यावर चिकटून जाऊ नका, धूळ खाली बसेल एवढं अंतर सोडा. पॉलिशच्या ड्रमजवळ माल भरताना वारा कुठून येतो ते बघून वरच्या अंगाला गाडी लावा आणि इंजिन बंद करा. एवढ्यानेही फिल्टरचं आयुष्य बरंच वाढतं. ज्यांनी ही शिस्त पाळली, त्यांच्या गाड्या हंगाम संपल्यावर माझ्याकडे फक्त ऑइल बदलायला येतात.

म्हणून वसमत, औंढा, कळमनुरी या भागात पिकअप चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे. उघडा शंकू बसवू नका. कंपनीचा डबा आणि अस्सल कागदी फिल्टर राहू द्या, शेताचं काम जास्त असेल तर मापाचा प्री-क्लीनर लावा, आणि हळद भरायला गाडी पहिल्यांदा शेतात घालण्याआधी फिल्टरपुढच्या पाइपमध्ये एकदा पांढरं कापड फिरवून बघा.